काकड्यांच्या पिंपातला जासूद

टेबलावरच्या चार बशांतून कुट्टूच्या लापशीची वाफ सरळ वर चढत होती. इतकी सरळ, की हलायचे तर आधी कप्तानाची परवानगी घ्यावी लागेल असे तिलाही वाटत असावे. बाहेर समुद्राने नऊ दिवसांच्या धिंगाण्यानंतर अंग टाकून दिले होते. 'यास्कुवका', म्हणजे पाकोळी, हे नाव मिरवणाऱ्या त्या लहानशा नौकेची शिडे वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबत होती. दूर हिमनदीच्या तोंडाशी एखादा कडा कोसळला, की त्याचा आवाज पाण्यावरून इतक्या सावकाश येई, की तोवर कडा कोसळल्याचे पाहणाराच विसरून गेलेला असे.

प्रश्न विचारून झाला होता. विचारणारी लुडमिला, पोलंडच्या सोपोतहून आलेली, समुद्राच्या पाण्याची अभ्यासक आणि त्यातलीच डॉक्टर. वय छप्पन्न, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. प्रश्न साधा होता: "माझा जासूद कुणी घेतला?"

गेर्वाझीने लापशीत चमचा फिरवला. गेली चौदा वर्षे तो या नौकेचा आचारी होता. जासूद कुठे आहे हे अख्ख्या उत्तर ध्रुवप्रदेशात केवळ त्यालाच ठाऊक होते. आपण या घटकेला लापशी ढवळतो आहोत की स्वतःचा अंतरात्मा, हे मात्र त्याला सांगता आले नसते.

"पुन्हा सांगते," लुडमिला म्हणाली. "मुठीएवढं पितळ. मधे खाच. फ्लॅनेलमधे गुंडाळून बाकाखालच्या खणात ठेवलेलं. पहिला बेअर बेटाजवळ माझ्याच हातून समुद्रात गेला, कबूल. पण हा दुसरा काही स्वतःच्या पायांनी गेला नाही."

"जासूदच तो, डॉक्टरबाई. जायचाच कुठंतरी," दाम्रोका म्हणाली.

दाम्रोका कप्तानाची भाची आणि नौकेवरची दुय्यम. एरवी तिच्या असल्या बोलण्यावर कप्तान नाकातून हसे. आज तो हसला नाही.

जासुदाचे काम असे: तारेला बाटली बांधून ती खोल सोडायची, आणि मग वरून हा पितळी गडी त्याच तारेवर सोडून द्यायचा. तो घसरत घसरत खाली जातो, बाटलीच्या खटक्यावर आदळतो, आणि एकशे ऐंशी मीटरांवरचे पाणी, आपल्या अंधारासकट, बाटलीत बंद होते. लुडमिला सलग एकोणीस उन्हाळे याच खाडीच्या तोंडाशी, याच आठवड्यात, याच रीतीने ते पाणी घेत आली होती. आजचे विसावे. विजेवर चालणारी यंत्रे आकडे देतात, ती म्हणे, पण आकड्यांना काही चव नसते.

"साडेअकराला भरती उलटते," ती म्हणाली. "मग आतलं पाणी, बाहेरचं पाणी, सगळं एक. ते मग कुणाचंही पाणी. त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नाही, आमच्या सोपोतच्या धक्क्यावरून बादली टाकली तरी चालतं."

सगळ्यांनी कप्तानाकडे पाहिले. कप्तान सेवेरिन सोपोतसमोरच्याच हेलच्या वाळूच्या पट्टीवरचा, काशुबी जमातीचा कोळी, वय सहासष्ट, मुळात कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते खडकात खिळा ठोकावा तसे. काशुबी माणसाने न्याहारीनंतर तपकिरीची चिमूट नाकात सोडली नाही तर त्याच्या घरचे डॉक्टरला बोलावतात. सेवेरिनने चार दिवस डबीला हात लावला नव्हता.

"माझ्या नौकेवर वस्तू हरवत नाहीत," तो म्हणाला. "माणसं हरवली तर समजू शकतो." मग, "बारा वाजता रेडिओवर खाडीतल्या स्टेशनशी बोलायचंय. त्याच्या आत काय ते उरका. मला सांगायचंय त्यांना काहीतरी."

दाम्रोकाचे कान लाल झाले. तिने मान बशीत घातली.

कप्तानाने समोरच्या अर्धवट खाल्लेल्या काकडीकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त ओहोटीसारखे उतरत गेले. "सुकाणू बघून येतो," असे म्हणून तो उठला. सुकाणू दोरीने बांधलेले होते. वारा नव्हता. त्यात बघण्यासारखे काहीही नव्हते.

*

त्याचे असे झाले होते. दर वर्षी निघताना कप्तानाची बायको ओतिलिया आपल्या बागेतल्या खारवलेल्या काकड्यांचे एक मोठे पिंप नौकेवर चढवी. त्यात शेपूचे तुरे, लसूण, ओकची पाने. काकड्या पाण्याखाली राहाव्यात म्हणून वर लाकडी चकती, आणि चकतीवर दगड. हा दगड गेर्वाझीच्या आईच्या घरचा होता. तीन पिढ्यांच्या काकड्या आणि कोबी त्याने दाबले होते. तो इतका गुळगुळीत झाला होता, की त्याला गाल असल्यासारखा भास होई.

बेअर बेटाजवळ वादळ आले, तेव्हा दगडाने पिंपातून उडी मारली. आधी तो गेर्वाझीच्या पायाच्या अंगठ्यावर उतरला, मग त्याने दोन मातीची भांडी फोडली, आणि मग मद्यपी पाहुण्यासारखा या भिंतीकडून त्या भिंतीकडे हिंडत राहिला. कप्तानाने वरून डोके घालून पाहिले आणि हुकूम दिला, "नौकेवर सुटा दगड म्हणजे तोफगोळा. फेक समुद्रात."

गेर्वाझीने फेकला. आईचे दुसरे दफन केल्यासारखे त्याला वाटले.

पण काकड्यांना दुःख कळत नाही. बिनदगडाच्या पिंपात त्या वर येऊन तरंगू लागल्या. तरंगणारी काकडी मऊ पडते, मऊ काकडीचा वास कप्तानाला केबिनमध्येही येतो, आणि मागच्या आचाऱ्याचे काय झाले हे गेर्वाझी जाणून होता. त्याची हेरिंग नासली म्हणून कप्तानाने त्याला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या धक्क्यावर भांड्यांसह उतरवून दिले होते. म्हणून त्या वादळात, एका हाताने खांब धरून आणि दुसऱ्याने खण उघडत, तो काहीतरी जड, स्वच्छ आणि बेताचे शोधत राहिला. आणि बाकाखाली, फ्लॅनेलमध्ये तान्ह्या मुलासारखे गुंडाळलेले, ते पितळ त्याला सापडले. ते चकतीवर असे बसले, जणू ओतण्यापूर्वीच कुणीतरी त्याला काकड्यांचे स्वप्न दाखवले होते.

गेर्वाझी स्वतः त्या काकड्या खात नव्हता. सहा वर्षांपूर्वी पुत्स्कच्या डॉक्टरने त्याच्या पोटातल्या व्रणाचे चित्र काढून दाखवले होते, आणि आंबट बंद केले होते. चव न घेता केवळ नाकावर आणि आठवणीवर भरवसा ठेवून स्वयंपाक करणे म्हणजे आंधळ्याने पत्र लिहिणे. इतकी वर्षे त्याने ते निभावले होते.

कप्तान वर गेल्यावर त्याने भटारखान्याचे दार लावून घेतले, पिंपाचे झाकण काढले, आणि बाही कोपरापर्यंत सारून हात आत घातला. काकड्या हिरव्या होत्या. हिरव्या म्हणजे ओतिलियाबाईंच्या बागेतही वेलीवर असताना त्या इतक्या हिरव्या नव्हत्या. त्यांच्याकडे पाहून कप्तान परवाच म्हणाला होता, "बायकोनं यंदा कमाल केली, गेर्वाझी. इतके दिवस झाले, तरी आत्ता तोडल्यासारख्या."

जासूद मात्र ओळखू येईना. त्याच्या अंगावर निळसर हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. गेर्वाझीने त्याला मीठ, पीठ आणि व्हिनेगरने घासले, मग राखेने घासले, मग स्वतःच्या सदऱ्याने. शेवटी तो असा लखलखला, की त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. आणि तो त्याने लगेच दुसरीकडे वळवला.

दहा मिनिटांनी डेकवरून लुडमिलाची आरोळी आली. "सापडला! बुटात होता! माझ्या बुटात!"

"दमला असेल बिचारा," दाम्रोका म्हणाली. "झोपला असेल."

*

बाटली खाली गेली. दाम्रोका हातरहाट फिरवून तार सोडत होती, लुडमिला तारेवरच्या खुणा मोजत होती. एकशे ऐंशीवर तिने हात वर केला, आणि जासूद तारेला अडकवून सोडून दिला. मग तिने तार दोन बोटांत धरली, डोळे मिटले. डॉक्टर आजाऱ्याची नाडी बघतो तशी ती समुद्राची नाडी बघत होती, आणि गेर्वाझीला भटारखान्याच्या गवाक्षातून तिचा चेहरा दिसत होता. दिवसातून तीनदा मळमळणारी, बादली उशाशी घेऊन झोपणारी, एकोणीस उन्हाळ्यांत एकदाही 'परत फिरू' न म्हणालेली ही बाई.

"टक्," ती हळूच म्हणाली.

आवाज कुणालाच आला नव्हता. तो फक्त तिच्या बोटांना आला होता. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. बाटली वर आली, तेव्हा तिने ती शालीत गुंडाळून छातीशी धरली, आणि गेर्वाझीच्या छातीवरचे ओझे उतरले. झाले. पाणी मिळाले, जासूद घरी आला, कुणाचे काही बिघडले नाही. त्याने बटाटे सोलायला घेतले, आणि त्याच्या लक्षात आले, की तो शीळ घालतो आहे. नौकेवर शीळ घालणे म्हणजे वादळाला आमंत्रण. तो दचकून थांबला.

तेवढ्यात दाम्रोका आत आली. दार लावून घेतले. तिच्या हातात शिंप्याची मोजपट्टी होती.

"गेर्वाझीकाका, एक विचारू? मामाच्या बिछान्याची लांबी किती असेल हो?"

"कशाला?"

"सहजच." मग तिला राहवेना. ती पिठाच्या डब्यावर बसली. "काका, बारा वाजेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मामा काल संध्याकाळी म्हणाला, हा त्याचा शेवटचा प्रवास. आज स्टेशनला सांगणार. नौका माझ्या हातात देणार. माझ्या! अकरा वर्षं मी त्याचे दोर गुंडाळतेय, काका. अकरा वर्षं तो म्हणतोय, 'अजून गाठ नीट येत नाही तुला.' आणि काल म्हणाला, 'गाठ बरी मारतेस.' मला आधी वाटलं ताप आलाय त्याला."

"का म्हणे शेवटचा?"

"कारण नाही सांगितलं. नुसता पाण्याकडे बघत बसला, आणि मला म्हणाला, 'तुझ्या मामीला बटाटे लावायला माणूस हवाच आहे.'"

गेर्वाझीच्या हातातला बटाटा निसटून बादलीत पडला.

तीन दिवसांपूर्वी कप्तान भटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. मग त्याने विचारले होते, "बटाटे कधी लावतात रे, गेर्वाझी?" गेर्वाझी हसला होता. कारण हेलपासून पुत्स्कपर्यंत प्रत्येक खानावळीत कप्तान सेवेरिनचे ते वाक्य पाठ होते: चाळीस वर्षांत समुद्राला आपल्या पोटात शिरता आलेले नाही, ज्या दिवशी शिरेल, त्या दिवशी नौका सोडीन आणि बटाटे लावीन.

"मामाला बरं नाहीये का, काका?" दाम्रोकाने विचारले.

"मला काय माहीत," गेर्वाझी म्हणाला. पण त्याला माहीत होते. चार दिवस कप्तान पहाटेच्या पाळीला मागच्या कठड्यावर जात होता, अंग आकसून उभा राहत होता, आणि परत येताना ओठ बाहीने पुसत होता. गेर्वाझीने ते पाहिले होते, आणि न पाहिल्यासारखे केले होते. उलट, कुणाला न कळता त्याची काळजी घ्यावी म्हणून तो रोज सकाळी पेलाभर औषधही नेऊन देत होता. पोट ढवळले की काकड्यांचे खारपाणी प्यायचे, हे त्या किनाऱ्यावरच्या माणसाला बाळकडूबरोबर पाजतात.

दाम्रोका गेली. जाताना मोजपट्टी गुंडाळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मिटवूनही न मिटणारे हसू होते. गेर्वाझीला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण एखाद्या अनोळखी खोलीत पाहुणा बसावा तसा, अवघडून.

*

तिच्या पाठोपाठ लुडमिला आली. तिने आपली बोटे गेर्वाझीच्या नाकासमोर धरली.

"काय वास येतो?"

"समुद्राचा," गेर्वाझी म्हणाला.

"शेपूचा. आणि लसणाचा. वीस वर्षं मी समुद्र हुंगतेय, गेर्वाझी. त्यात लसूण नसतो." तिने पिंपाकडे पाहिले. "नऊ दिवस होता ना तो त्यात?"

गेर्वाझीने मान खाली घातली. मान खाली घालण्यातही एक सोय असते. पुढचे बोलणे समोरच्याने करायचे असते.

"मी रागावले नाही. माझं पाणी मला मिळालं. आता जरा इकडे या." तिने खिशातून शीड शिवायची जाड सुई काढली, वाळूकागदाने घासून चकचकीत केली, आणि पेल्यात थोडे खारपाणी घेऊन त्यात उभी केली. दोघेही त्या सुईकडे बघत बसले. भटारखान्यात घड्याळ नव्हते; पाण्याचे थेंब होते, ते वेळ मोजत राहिले. थोड्या वेळाने तिने सुई बाहेर काढली. बुडालेला अर्धा भाग लालसर झाला होता.

"तांबं," ती म्हणाली. "पितळेतून उतरलेलं. तरीच म्हटलं, काकड्या एवढ्या टवटवीत कशा. आंबटात पितळ ठेवलं की कळकतं, हे आईनं नाही शिकवलं तुम्हाला?"

"आईकडे पितळ नव्हतं हो, डॉक्टरबाई. दगड होता."

"माणूस मरत नाही याने. पोट ढवळतं, ओकाऱ्या होतात. बंद केलं की दोन दिवसांत ठणठणीत." ती बोटांवर मोजू लागली. "दाम्रोका काकड्यांना शिवत नाही."

"लहानपणी मामीनं कोंबून कोंबून खाऊ घातल्या तिला."

"तुम्हाला मनाई. मी दिवसाला एखादी. मला मळमळतं, पण मला धक्क्याला बांधलेल्या नौकेवरही मळमळतं. माझ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग उरलं कोण?"

वरच्या फळ्यांवर कप्तानाची पावले वाजत होती. शेवटची फेरी असावी तशी, मोजून.

"रोज एक पेला," गेर्वाझी पुटपुटला. "मीच नेऊन देतो. दोन काकड्या न्याहारीला, दोन जेवणात, रात्री सूप. आणि पोट बिघडलं म्हणून सकाळी पेला. पोट जास्त बिघडलं, म्हणून परवापासून मोठा पेला."

लुडमिलाने चष्मा काढला आणि शालीने पुसला. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असे गेर्वाझीला वाटले. मग कळले की ती हसते आहे, आणि मग कळले की दोन्ही.

"हे तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. पिंप तुमचं आहे."

"पिंप समुद्रात टाकून दिलं, आणि नाहीच सांगितलं तर? दोन दिवसांत बरे होतीलच ना ते."

"आत्ता किती वाजलेत?"

तिच्या मनगटावरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. गेर्वाझी उभा राहिला. दोन दिवसांनी कप्तानाचे पोट बरे होईल. पण तोवर नौका दुसऱ्याची झालेली असेल, आणि बरे झालेले पोट घेऊन तो माणूस हेलच्या वाळूत बटाट्यांच्या ओळी मोजत बसेल. सेवेरिन एकदा बोललेला शब्द मागे घेत नसे. त्याला तशी सवयच नव्हती. त्याच्या उलट बाजूला ट्रॉम्सोचा धक्का होता, पाऊस होता, आणि भांड्यांच्या ढिगावर बसलेला एक बेकार आचारी होता. आणि यांच्या मध्ये कुठेतरी, मोजपट्टी गुंडाळणारी दाम्रोका.

तो निघाला. बाहेर येऊन मागच्या कठड्याकडे गेला. कप्तान तिथे नव्हता. वर गेला. कप्तान तिथेही नव्हता. नौका एकूण चौदा मीटर लांब. तिच्यावर माणूस सापडायला एवढा वेळ लागण्याचे कारण नव्हते. पण गेर्वाझी ज्या वाटेने कप्तान नाही त्या वाटेने आधी जात होता, आणि हे त्यालाही कळत होते.

*

कप्तान नकाशांच्या टेबलापाशी बसला होता. त्याने दाढी केली होती, धुतलेला निळा स्वेटर घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. स्वतःच्याच अंत्यविधीला वेळेवर पोहोचलेल्या माणसासारखा तो दिसत होता. एका हातात रेडिओचा बोलका, म्हणजे तोंडाशी धरून बोलायचे यंत्र, होता. समोर दाम्रोका पेला घेऊन उभी होती. त्यात काठोकाठ हिरवे खारपाणी.

"मामानं मागितलं," ती गेर्वाझीला कुजबुजली. "बोलायच्या आधी पोट थाऱ्यावर हवं म्हणाला. तुम्ही कुठं होता?"

"स्टेशन, स्टेशन, यास्कुवका," कप्तान म्हणाला.

"बोला, यास्कुवका! झेफिरिन ऐकतोय!" खाडीच्या आतल्या पोलिश स्टेशनचा रेडिओवाला झेफिरिन; हिवाळाभर त्याच चौदा माणसांशी बोलून कंटाळलेला, आणि म्हणून आज रविवारी अगदी बोलत सुटलेला. "आज सगळेच जमलेत, कप्तान! खसखशीचा केक कापतोय. काहीतरी खास सांगायचंय म्हणाला होतात, म्हणून आवाज मोठा ठेवलाय. बोला, ओव्हर."

कप्तान सेवेरिनची एक खोड त्या किनाऱ्यावर सर्वांना माहीत होती: तो आधी बटण दाबी, आणि मग काय बोलायचे याचा विचार करी. त्यामुळे त्याच्या प्रत्येक संदेशाच्या आधी श्वासांची एक लांबलचक प्रस्तावना ऐकू येई. आताही त्याने अंगठा बटणावर दाबला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताने पेला उचलून ओठांशी नेला.

"पिऊ नका!" गेर्वाझी ओरडला.

पेला अर्ध्यावर थांबला. अंगठा जिथे होता तिथेच राहिला.

"पिऊ नका, कप्तान! तुम्ही म्हातारे झाला नाहीत! तुम्हाला समुद्र लागला नाही, काकड्या लागल्यात! जासूद मी घेतला होता, काकड्या दाबायला, पितळ आहे ते, कळकलंय सगळं पिंप, डॉक्टरबाईंनी सुई घालून दाखवलं! चार दिवस तुम्ही मागच्या कठड्यावर ओकताय ते माझ्यामुळे, कप्तान! समुद्रामुळे नव्हे! मीच रोज पेला आणून देत होतो! बटाटे लावू नका!"

एवढे बोलून त्याचा श्वास संपला. केबिनमध्ये शेपूचा वास तेवढा राहिला.

कप्तानाने खाली पाहिले. अंगठ्याकडे. मग त्याने तो अंगठा बटणावरून असा सावकाश उचलला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

रेडिओवर थोडी खरखर झाली. मग कुणीतरी दाबलेले हसू नाकातून बाहेर पडले. मग झेफिरिनचा आवाज आला, फार काळजीपूर्वक गंभीर केलेला: "यास्कुवका, संदेश मिळाला. बटाट्यांपर्यंत सगळा स्पष्ट ऐकू आला. डॉक्टर पाठवू का? ओव्हर." मागून दुसरा आवाज: "विचार, ओतिलियाबाईंच्या काकड्या का?" आणि तिसरा: "अरे, अर्धं पिंप आपल्याला देणार होते ना ते?"

कप्तानाने पेला टेबलावर ठेवला. आवाज झाला नाही.

"गेर्वाझी. ट्रॉम्सो इथून किती दिवस?"

"सहा, कप्तान. वारा असला तर."

"मागच्या आचाऱ्याची हेरिंग नासली होती. नुसती नासली होती. त्यानं कुणाला विष घातलं नव्हतं."

"दगड तुम्हीच फेकायला लावलात," गेर्वाझी म्हणाला. हे आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. "माझ्या आईचा दगड होता तो."

"नौकेवर सुटा दगड म्हणजे..."

"तोफगोळा. म्हणालात तुम्ही."

"म्हणालो." कप्तानाने भांगावरून हात फिरवला; तो विसकटला. तो टेबलावरच्या नकाशाकडे बघू लागला. खाडीच्या तोंडापाशी पेन्सिलीने वीस बारीक फुल्या होत्या. त्या सगळ्या ठिकाणी त्यानेच नौका आणून उभी केली होती. मग त्याने मान वर न करता, आवाज इतका खाली आणून, की तो प्रश्न त्याने गेर्वाझीला विचारला, लुडमिलाला विचारला की भिंतीपलीकडच्या पाण्याला, हे कळू नये, विचारले:

"म्हणजे... तो नव्हता?"

दारात उभी असलेली लुडमिला म्हणाली, "नव्हता, कप्तान. समुद्र बिचारा नऊ दिवस तुमच्या पोटाबाहेरच आहे."

कप्तानाच्या चेहऱ्यावर काय झाले हे गेर्वाझीला पुढे कधीच नीट सांगता आले नाही. हिवाळ्यानंतर खाडीवरचा बर्फ फुटतो तेव्हा आधी काहीच दिसत नाही. केवळ कुठेतरी खोल, पांढऱ्याच्या पोटात, एक रेघ धावत जाते. तसे काहीसे. त्याने नाक ओढले. मग एकदम कडक आवाजात म्हणाला, "पिंप रिकामं कर. किनाऱ्यापासून लांब, मासे आपले आहेत. आणि मला चहा. लिंबू नको."

"नको, नको, लिंबू नाही," गेर्वाझी म्हणाला, आणि पेला उचलायला वळला. पेला दाम्रोकाने आधीच उचलला होता. ती तो दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि त्या हिरव्या पाण्यात बघत होती. तिच्या खिशातून मोजपट्टीचे टोक बाहेर आले होते. गेर्वाझीला वाटले, आता ही हसेल, काहीतरी तिरके बोलेल, जासुदाला शिव्या घालील. तिने पेला आणखी घट्ट धरला. अकरा वर्षे दोर गुंडाळणाऱ्या माणसाचे हात असतात तसे तिचे हात होते, आणि पेल्यातले पाणी किंचितही हलत नव्हते.

रेडिओ पुन्हा खरखरला. "यास्कुवका, यास्कुवका. आम्ही अजून इथंच आहोत. कप्तान, ते खास काय सांगायचं होतं ते राहिलंच. केक खोळंबलाय. ओव्हर."

कप्तान बोलक्याकडे बघत राहिला. मग भाचीकडे. ती आता पेला खाली ठेवून त्याच्याचकडे पाहत होती; सरळ, पापणी न हलवता, वादळात तो शिडांकडे बघे तशी. गेर्वाझीने आयुष्यात पुष्कळ मौने ऐकली होती, पण दोन काशुबी माणसे एकाच सुकाणूबद्दल गप्प राहिली, की ते मौन तिसऱ्याला भटारखान्यात पळवून लावते. तो पळाला नाही.

सेवेरिनने हात लांब केला आणि बोलका दाम्रोकाच्या तळहातावर ठेवला.

तिने तो धरला. अंगठा बटणावर गेला, आणि दाबण्याआधी थांबला.

"मामा," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

"काल मी काय बोललो, ते तू ऐकलंयस," म्हणत कप्तान उठला. स्वेटर खाली ओढला. डोके तुळईला लागू नये म्हणून सवयीने वाकला, आणि एकेक पायरी चढत वर डेकवर निघून गेला.